आई सांगलीची, वडील कृष्णवर्णीय, मुलीला ॲक्चुअरी व्हायचंय: कोणत्या शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भरावा?

माझी भाची मेरीलँडमधल्या एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण, सांगलीची. वडील बाल्टिमोरचे, कृष्णवर्णीय, शाळेत गणित शिकवतात. गेल्या उन्हाळ्यात पोरीनं जेवता जेवता सांगून टाकलं की तिला ॲक्चुअरी, म्हणजे विमा-पेन्शनची जोखीम गणितानं मोजणारी, व्हायचंय. नातेवाइकांत या धंद्यातली मी एकटीच, हार्टफर्डच्या एका विमा कंपनीत सतरा वर्षं खर्डेघाशी करतेय, त्यामुळे हे खूळ मीच डोक्यात भरवलं असं सगळे धरून चालले. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. "ताई, फीचा आकडा बघितलास ना? आता शिष्यवृत्त्यांचं तूच निस्तर."

निस्तरायला बसले आणि लक्षात आलं की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न आता एकट्या माझ्या बहिणीचा राहिलेला नाही. मिश्र घरं वाढली आहेत. शिवाय कुणाच्या वर्गात, कुणाच्या शेजारी, कुणाच्या हाताखाली एखादं हुशार कृष्णवर्णीय पोर असतंच आणि ते विचारतं, "यातलं आधी काय भरू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. यादी देत नाही, याद्या ढिगानं पडल्या आहेत. कुठली शिष्यवृत्ती कुणाला आणि कधी उपयोगी पडते, एवढंच बघू.

आधी धंद्याची एक खोड सांगते, कारण सगळी तुलना तिच्यावर उभी आहे. ॲक्चुअरी पदवीनं होत नाही, परीक्षांनी होतो. आयुर्विमा, आरोग्य आणि पेन्शनवाल्यांच्या परीक्षा सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज घेते, गाडी-घर-अपघात विमावाल्यांच्या कॅज्युअल्टी ॲक्चुअरिअल सोसायटी. सुरुवातीच्या दोन परीक्षा दोघींना चालतात. पहिली 'पी', म्हणजे संभाव्यता: तीन तास, ३० बहुपर्यायी प्रश्न. दुसरी 'एफएम', म्हणजे व्याज, कर्जफेड, रोखे वगैरे वित्तीय गणित. गुण ० ते १० मध्ये मिळतात, ६ ला पास. पेपर जितक्या तासांचा, तितके शंभर तास अभ्यास हा आमच्याकडचा जुना ठोकताळा. म्हणजे 'पी'साठी तीनशे तास.

आता गंमत बघा. नोकरी लागली की यातलं काहीच खिशातून जात नाही. कंपनी परीक्षेचं शुल्क भरते, पुस्तकं घेऊन देते, ऑफिसच्या वेळात अभ्यासाला तास देते, पास झालं की पगारही वाढवते. पण नोकरीच्या आधी इंटर्नशिप लागते आणि इंटर्नशिपच्या मुलाखतीला बोलावण्याआधी कंपन्या बघतात की एखादी तरी परीक्षा झाली आहे का. म्हणजे ज्या दीड-दोन वर्षांत कुणीही पैसे देत नाही, नेमक्या त्याच काळात स्वतःच्या पैशानं पहिल्या दोन परीक्षा द्यायच्या. एकेका परीक्षेचं शुल्क अडीचशे डॉलरांच्या घरात. त्यावर सराव-प्रश्नांची ऑनलाइन वर्गणी, ती वेगळी काही शे डॉलर. नापास झालं की पुन्हा शुल्क. आणि ते तीनशे तास, ज्यांत बाकीच्या मुलांनी हॉटेलात किंवा दुकानात काम करून पैसे कमावलेले असतात.

माझ्या बहिणीला चाळीस हजारांच्या शिष्यवृत्तीची स्वप्नं पडत होती. मी म्हणाले, अगं, या मार्गावर वेळेवर आलेले हजार डॉलर उशिरा आलेल्या सात हजारांपेक्षा मोठे असतात. तिला ते पटलं नाही. तिच्या नवऱ्याला लगेच पटलं. गणिताचा मास्तर आहे, चक्रवाढ व्याज रोज शिकवतो.

पहिल्या दोन वर्षांच्या दोन शिष्यवृत्त्या

कृष्णवर्णीय मुलांसाठी थेट याच व्यवसायाच्या म्हणून दोन नावं पुढे येतात आणि लोक दोन्हींना एकाच मापानं मोजतात. तिथेच चुकतं.

पहिली ॲक्चुअरिअल फाउंडेशनची, 'ॲक्चुअरिअल डायव्हर्सिटी स्कॉलरशिप'. मुळात ही १९७७ मध्ये वर सांगितलेल्या दोन्ही सोसायट्यांनी मिळून सुरू केली, २००८ मध्ये फाउंडेशनकडे सोपवली. ही एकट्या कृष्णवर्णीयांची नाही. हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी आणि पॅसिफिक बेटांवरची मुलंही तिच्या कक्षेत धरलेली. पात्रतेचा जुना नियम आमच्या घरासाठी मोलाचा: जन्मदात्या आईवडिलांपैकी किमान एक जण या समाजांतला हवा. म्हणजे सांगलीची आई आड येत नाही. जीपीए, म्हणजे गुणांची चारपैकी सरासरी, किमान ३.०, पूर्णवेळ शिक्षण, आणि शाळेत असताना दिलेल्या सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचे गुण चांगले. रक्कम वर्षागणिक चढती ठेवलेली: पहिल्या वर्षाला १,०००, दुसऱ्याला २,०००, तिसऱ्याला ३,०००, चौथ्याला ४,००० डॉलर.

ही चढती भाजणी मला कोड्यात टाकते. संस्थेचा हेतू कळतो: मूल या वाटेवर टिकावं, वर्षामागून वर्षं परत यावं. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा सगळ्यात कमी, आणि चौथ्या वर्षी, जेव्हा हातात इंटर्नशिपचे पैसे आणि बहुधा नोकरीचं पत्रही असतं, तेव्हा चौपट. तरीही पहिल्या वर्षाचे ते हजार सोडू नयेत. त्यांत 'पी'चं शुल्क, 'एफएम'चं शुल्क आणि सरावाची वर्गणी असं सगळं बसतं.

दुसरी इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक ॲक्चुअरीजची. नाव लांबलचक, सगळे आयएबीए म्हणतात. संघटना १९९२ पासूनची आणि तिच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती अमेरिका आणि कॅनडात शिकणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या मुलांसाठी. इथे वर्षाप्रमाणे ठरलेला दर नाही. गुण, परीक्षांमधली प्रगती, शिफारसपत्रं आणि तुम्ही या व्यवसायाकडे किती गांभीर्यानं बघता, असं सगळं तोलून निवड होते.

कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. जीपीए मागतात, निबंध मागतात, पत्रं मागतात. फरक चेकबरोबर काय येतं त्यात आहे. ॲक्चुअरिअल फाउंडेशनचे पैसे म्हणजे पैसे: चोख, सन्मानाचे, बायोडेटावर एक चांगली ओळ. आयएबीएच्या पैशांबरोबर माणसं येतात. हार्टफर्ड, शिकागो, अटलांटा, टोरांटो अशा विमाधंद्याच्या शहरांत त्यांचे स्थानिक गट आहेत. दर उन्हाळ्यात वार्षिक संमेलन भरतं. तिथे कंपन्या मांडव टाकून बसतात, आणि सगळ्या परीक्षा संपवून बसलेली तुमच्यासारखी दिसणारी माणसं तुमच्याशी चहाच्या कपावर बोलतात. विद्यार्थ्यांसाठी त्यांचे बूट कॅम्पही असतात. तिथे एक्सेलपासून मुलाखतीपर्यंत सगळं घासून घेतात.

याचं मोल मी बाहेरून पाहिलं आहे. माझ्या मजल्यावरच्या कृष्णवर्णीय ॲक्चुअरी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्यातली एक माझी चांगली मैत्रीण. ती सांगते, "पाचव्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटले तेव्हा सोडणारच होते. संमेलनात भेटलेल्या बाईंनी रात्री अकराला फोन करून तासभर झापलं. स्कॉलरशिप किती डॉलरांची होती ते आता मला आठवतही नाही." आम्हा देशी लोकांना हे चटकन कळत नाही, कारण आमच्याकडे हा फोन करणारे ढीगभर असतात. मुंबई-पुण्याहून परीक्षा देत देत आलेले आमचे ॲक्चुअरी इथल्या प्रत्येक मोठ्या विमा कंपनीत सापडतात. कुठल्या पुस्तकातला कुठला धडा सोडला तरी चालतो, हे आम्हाला डब्याच्या वेळी फुकटात कळतं.

म्हणून माझा कौल असा: पहिल्या वर्षी दोन्ही भराच, पण वेळ आणि निबंधाचा जीव आधी आयएबीएला द्या. घरात आधीच कुणी ॲक्चुअरी असेल, जशी इथे मी आहे, तरीसुद्धा. मी भाचीला 'एफएम'मधली वार्षिकी, म्हणजे ठरावीक काळानं मिळणाऱ्या रकमांचा हिशेब, शिकवू शकते. पण खोलीत आपल्यासारखं दुसरं कुणीच नाही अशा बैठकीत कसं बसायचं, ते मी नाही शिकवू शकत.

दाखला कोण देणार?

सांगलीहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जातीचा दाखला कुठून काढायचा तिथे?" आम्ही हसलो, पण प्रश्न बरोबर होता. तहसील कार्यालय, पडताळणी समिती, महाडीबीटीवर अपलोड होता होता अडकलेली पीडीएफ, हे सगळं जिनं मुलांसाठी नाही तरी भाडेकरूंच्या मुलांसाठी केलंय, तिला 'अर्जात स्वतःच लिहायचं' यावर विश्वास कसा बसावा? इथे दाखला नसतो. तुम्ही जे सांगता ते धरलं जातं, आणि बाकी निबंध बोलतो.

पण अर्जाचे शब्द मात्र हलू लागले आहेत, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. २९ जून २०२३ ला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा निकष लावणं बेकायदा ठरवलं. तो निकाल प्रवेशांपुरता होता. खाजगी संस्थांच्या शिष्यवृत्त्या त्यात थेट येत नाहीत. त्यांच्यावर वार झाला तो वेगळ्या वाटेनं, १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या. गुलामीतून सुटलेल्या लोकांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेला हा कायदा. अनुदान हाही एक करारच, असं म्हणत त्याच्याच आधारानं, कृष्णवर्णीय उद्योजिकांना २०,००० डॉलरचं अनुदान देणाऱ्या अटलांटाच्या फिअरलेस फंडावर दावा झाला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयानं निकाल फंडाच्या विरुद्ध दिला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजनाच बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीवर असाच दावा आला. तिथे नियम होता, आईवडिलांपैकी किमान एक हिस्पॅनिक हवा. काही दिवसांतच तडजोड झाली. तो नियम गेला आणि त्याऐवजी त्या समाजासाठी तुम्ही काय केलंत, हे विचारायचं ठरलं.

ॲक्चुअरिअल फाउंडेशनच्या जुन्या नियमातले 'आईवडिलांपैकी एक' हेच शब्द इथेही वाचून आमच्या घरात कान टवकारले गेले, ते यासाठी. तेव्हा दोन वर्षांपूर्वी कुणाच्या मुलाला कुठल्या नियमानं पैसे मिळाले, यावर जाऊ नका. ज्या वर्षी भराल त्या वर्षीचा अर्ज उघडा, पात्रतेचा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचा आणि अर्ज पाठवण्याच्या दिवशी पुन्हा एकदा वाचा. शब्द सैल झाले असतील तर घाबरायचं कारण नाही. त्याच २०२३ च्या निकालात न्यायालयानं असंही म्हटलं आहे की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवारानं स्वतः सांगायला मनाई नाही. म्हणजे जे काम आधी चौकटीतली एक खूण करायची, ते आता निबंधाला करावं लागतं.

निबंधात पणजी

भाचीचा पहिला मसुदा वाचवत नव्हता. "मला लहानपणापासून गणिताची आवड आहे आणि जोखीम या संकल्पनेचं मला आकर्षण वाटतं." मी म्हटलं, "बाळा, पाचशे जणांनी हेच लिहिलं असेल. खरं काय ते सांग." ती गप्प. मग तिच्या वडिलांनी आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला.

डब्यात त्यांच्या आजीची, म्हणजे भाचीच्या पणजीची, विम्याची पुस्तिका होती. दक्षिणेकडच्या एका गावातली. तळहाताएवढी, तपकिरी पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. आत आठवड्यांचे रकाने आणि प्रत्येक रकान्यात एजंटाची पेन्सिलीनं केलेली सही. दर शनिवारी तो दारात यायचा आणि पणजी काही सेंट त्याच्या हातावर ठेवायची. अंत्यविधीचा खर्च निघावा एवढाच विमा. चार-पाच दशकं भरत राहिली. ती गेली तेव्हा जे मिळालं ते तिनं भरलेल्या पैशांपेक्षा कमी होतं, असं घरात सांगतात.

ही एका घराची गोष्ट नाही. १८८१ मध्ये प्रुडेन्शियलनं कृष्णवर्णीयांना त्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी रक्कम द्यायचं ठरवलं. १८९६ मध्ये त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं जाडजूड आकडेवारी मांडून ही माणसं विमा उतरवण्याच्या लायकीचीच नाहीत, असा निष्कर्ष काढला. आकडे होते मृत्यूचे. त्यामागची गरिबी, घाणेरडी घरं, न मिळालेले डॉक्टर त्या कोष्टकांत कुठेच नव्हते. वेगळ्या दरांच्या त्या जुन्या पॉलिस्यांचे खटले थेट आमच्या पिढीपर्यंत आले. अमेरिकन जनरलनं २००० मध्ये २० कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली, मेटलाइफनं २००२ मध्ये १६ कोटींची.

याच इतिहासाची दुसरी बाजू डरहॅमला आहे. १८९८ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःची नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल काढली. गोऱ्या कंपन्यांची कोष्टकं वापरायची नाहीत तर आपली कोण करणार? मिशिगन विद्यापीठात शिकून १९३० च्या दशकात तिथे रुजू झालेले आसा स्पॉल्डिंग हे देशातले पहिले कृष्णवर्णीय ॲक्चुअरी मानले जातात. पुढे ते त्या कंपनीचे अध्यक्षही झाले.

हे सगळं मी भाचीला तासभर सांगितलं. तिनं त्यातलं जवळजवळ काहीही निबंधात घेतलं नाही, आणि ते बरोबरच केलं. तिनं लिहिलं त्या पुस्तिकेबद्दल. रकाने मोजले, हप्त्यांची बेरीज केली, शाळकरी मुलीनं करावा तसा साध्या व्याजाचा हिशेब मांडला आणि शेवटी लिहिलं की 'एफएम'ची तयारी केल्यावर हाच हिशेब ती पुन्हा मांडणार आहे, या वेळी नीट. आयएबीएला हाच निबंध गेला. फाउंडेशनला पहिला परिच्छेद बदलून. एवढं पुनर्वापराचं स्वातंत्र्य घ्यायला हरकत नाही, फक्त संस्थेचं नाव बदलायला विसरू नका. माझ्याच टीममधल्या एकानं एकदा एका कंपनीच्या मुलाखतीला दुसऱ्या कंपनीच्या प्रेमाचं पत्र पाठवलं होतं.

खुल्या मैदानातल्या

राखीव नसलेल्या शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षी विसरा. त्यांचा काळ पुढचा. फाउंडेशनचीच 'ॲक्चुअरी ऑफ टुमॉरो' म्हणून एक आहे, स्टुअर्ट रॉबर्टसन यांच्या स्मरणार्थ. रक्कम ७,५०० डॉलर, पण दोन परीक्षा पास झालेल्या हव्यात. दुसरी पूर्वी जॉन कल्व्हर वुडी यांच्या नावाची होती, आता कर्टिस हंटिंग्टन यांच्या नावाची. चौथ्या वर्षाला असणाऱ्या, वर्गात वरच्या चौथ्या हिश्शात बसणाऱ्या आणि किमान एक परीक्षा काढलेल्या विद्यार्थ्याला मिळते. तिथे तुम्ही अर्ज करत नाही, प्राध्यापक नाव सुचवतात. ही बारीक ओळ मुलं वाचत नाहीत. प्राध्यापकाला आपलं नाव सुचवावंसं वाटायचं तर दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या केबिनच्या दारात दिसायला हवं.

या दोन्हींत स्पर्धा अख्ख्या देशातल्या मुलांशी, त्यात आमची देशी आणि चिनी मुलं, जी पहिल्याच वर्षी 'पी' काढून बसलेली असतात. भाचीला हे स्पष्ट सांगितलंय. घाबरवायला नाही, तारखा ठरवायला. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हातात दोन परीक्षा असल्या तर साडेसात हजारांचा अर्ज करायचा. नसल्या तर तो वेळ अभ्यासाला द्यायचा.

मुळात कृष्णवर्णीयांसाठीच निघालेल्या ऐतिहासिक महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना आणखी एक दार उघडतं. १९४४ पासूनचा युनायटेड निग्रो कॉलेज फंड आणि सरकारी संस्थांसाठीचा थरगुड मार्शल कॉलेज फंड, दोघांकडे अनेक शिष्यवृत्त्या असतात, काही विमा आणि वित्त कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या. बाल्टिमोरच्याच मॉर्गन स्टेटमध्ये ॲक्चुअरिअल सायन्सची स्वतंत्र पदवी आहे. कॉलेज अजून ठरायचं असेल तर शिष्यवृत्तीपेक्षा हा निर्णय मोठा, आणि तो आधी घ्या. आमच्याकडे ती वेळ टळून गेली होती.

बाँडवाले पैसे

काही विमा कंपन्या शिष्यवृत्तीसोबत उन्हाळ्याची इंटर्नशिप जोडून देतात. अमेरिकेत हे बहुतेक वेळा सैल असतं. इंटर्नशिप करा, पुढे नोकरी दिली तर घ्या किंवा सोडा. पण प्रत्येक कागद वाचा, कारण याच धंद्यात बांधून घेणारे पैसेही असतात. त्यांचा नमुना पाहायचा तर दक्षिण आफ्रिकेकडे बघावं.

माझा एक सहकारी जोहान्सबर्गचा. तिकडचा आवाका वेगळाच आहे. साउथ आफ्रिकन ॲक्चुअरीज डेव्हलपमेंट प्रोग्राम २००३ पासून कृष्णवर्णीय मुलांना फी, राहणं, पुस्तकं, शिकवणी, मार्गदर्शक असं सगळं पुरवतो. पैसे विमा कंपन्यांचे आणि पदवीनंतर मुलं त्याच कंपन्यांत रुजू होतात. कंपन्यांच्या स्वतःच्या बर्सऱ्यांमध्ये, म्हणजे तिकडच्या शिष्यवृत्त्यांमध्ये, सर्वसाधारण हिशेब असा की जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं काम करायचं. मध्यमवर्गातल्या, सरकारी मदतीच्या मर्यादेच्या थोड्या वर राहणाऱ्या घरांसाठी इकुसासा नावाची वेगळी योजना आहे. आणि बाँड नको असेल तर ॲलन ग्रे ऑर्बिस फाउंडेशनची फेलोशिप. ती काम मागत नाही, पण तिला उद्योजक घडवायचे आहेत, विमा कंपनीतले कर्मचारी नाहीत.

सहकाऱ्याला मी विचारलं, "बांधून घेतल्यासारखं वाटलं नाही?" तो म्हणाला, "घरी चार भावंडं आणि आईचा एक पगार. मला तर ती नोकरीची हमी वाटली."

बाँड हा शब्द मराठी घरात नवा नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलांना वर्षभर सेवा नाहीतर दहा लाख, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी सयाजीराव गायकवाडांनी दिलेली, तीही कराराचीच होती: परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. बाबासाहेब १९१७ मध्ये शब्दाला जागून बडोद्याला रुजू झाले. शहरात राहायला जागा कुणी देईना, कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावं लागलं. महाराजांची नियत साफ होती, करारही साफ होता. फक्त जिथे जाऊन काम करायचं ती जागा माणसाला कशी वागवते, हे करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून बाँडचा कागद हातात आला तर रकमेच्या आधी त्या कंपनीत आपल्यासारखी माणसं किती आणि किती वर्षं टिकतात, ते आधी तिथे गेलेल्या दोघा-तिघांना विचारा. आयएबीएची माणसं इथे पुन्हा कामाला येतात.

पैसे मिळाल्यावरची भानगड

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं स्वतः देत असलेली मदत तेवढ्यानं कापतात. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला शेजारच्या राज्यातल्या एका खाजगी कॉलेजात हेच झालं: दोन हजार मिळाले, दोन हजार कापले, घरात पेढे वाटून झालेले. मेरीलँडनं सरकारी विद्यापीठांपुरती या प्रकाराला २०१७ मध्ये कायद्यानं आडकाठी घातली, असं करणारं ते पहिलं राज्य. तुमच्या राज्यात काय आहे ते कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात ईमेलनं विचारा, तोंडी नको. कापायचंच असेल तर अनुदान न कापता आधी कर्ज किंवा कॅम्पसवरचं काम कमी करा, अशी विनंती करता येते आणि ती बऱ्याचदा मानली जाते.

दुसरं, कर. शिष्यवृत्तीचे पैसे फी आणि सक्तीच्या पुस्तकांवर गेले तर कर नाही. खोलीभाडं आणि जेवणावर गेले तर तेवढी रक्कम उत्पन्नात धरली जाते. भाचीच्या नावानं वेगळी फाइल केली आहे, पावत्या त्यात.

आमचा क्रम शेवटी असा ठरला. आयएबीएचा अर्ज सगळ्यात आधी, फाउंडेशनचा त्याच आठवड्यात. शिफारसपत्रासाठी कॅल्क्युलसच्या प्राध्यापिकांना महिनाभर आधी विचारलं आणि सोबत एक पानभर माहिती दिली, म्हणजे त्यांना आठवत बसावं लागू नये. 'पी' परीक्षा वसंत सत्राच्या सुट्टीनंतर. कंपन्यांची शिष्यवृत्ती-इंटर्नशिप दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात, कॉलेजच्या जॉब फेअरच्या वेळी. साडेसात हजारवाली तिसऱ्या वर्षी, जमलं तर.

परीक्षा केंद्रावर ठरावीक मॉडेलचेच कॅल्क्युलेटर चालतात. मी माझा जुना टीआय-३०एक्सएस कपाटातून काढून तिला दिला. झाकणावर माझ्या हस्ताक्षरात पास झालेल्या परीक्षांच्या तारखा आहेत, आणि मधेच एक खोडलेली. तिनं ती खोडलेली तारीख नखानं घासून वाचायचा प्रयत्न केला. "मावशी, ही कुठली?" एफएम, पहिल्या खेपेची. मला ५ मिळाले होते.